सर्व संबंधितांच्या निदर्शनास

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या जवळजवळ प्रत्येक परिपत्रकाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : 'सदरची बाब सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणून द्यावी.' त्याखाली सही, शिक्का आणि प्रती कोणाकोणाला रवाना केल्या त्यांची यादी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवत असताना मी बरीच वर्षे परीक्षा विभागाचेही काम पाहिले, आणि हे वाक्य त्या काळात रोजच नजरेखालून जात असे. त्याचा अर्थ मात्र मला ऑगस्टअखेरच्या एका सोमवारी समजला.

परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत शुल्कासह कार्यालयात जमा करायची होती. परिपत्रकावरची तारीख मंगळवारची होती. आमच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, ते शुक्रवारी आवक झाले आणि शुक्रवारी संध्याकाळी, तास संपून मुले एसटीकडे गेल्यानंतर, काचेच्या फलकात लागले. विनाविलंब शुल्काची मुदत शनिवारी संपत होती. त्या शनिवारी ओढ्याच्या मोरीवर पाणी आल्याने वाडीवस्तीची सकाळची गाडी आलीच नाही. सोमवारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वडिलांना घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ओढणीखाली, आणि वडिलांच्या हातात दुधाच्या बिलातून काढलेल्या, चार घड्या घातलेल्या नोटा. लिपिकाने विलंब शुल्काची रक्कम सांगितली. वडिलांनी वाद घातला नाही. फलकाकडे बोट करून त्यांनी एवढेच विचारले, "हे कागद कवा लावलाय सर?" आमच्यापैकी कोणी उत्तर दिले नाही. त्यांनी पैसे मोजले, पावती घेतली, आणि दोघे परत गेले.

त्या प्रश्नाचे उत्तर नियमात कुठेही नव्हते. शेवटची तारीख लिहिलेली होती, विलंब शुल्क किती आणि अतिविलंब शुल्क किती हेही लिहिलेले होते. सूचना विद्यार्थ्यापर्यंत कधी पोचली पाहिजे, हे मात्र लिहिलेले नव्हते. माझे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे. शैक्षणिक परिसरातील कोणतीही मुदत, विशेषतः जी चुकली तर पैसे भरावे लागतात किंवा वर्ष जाते अशी मुदत, सूचनेवरच्या तारखेपासून मोजता कामा नये. ती सूचना संबंधितांपर्यंत पोचल्याच्या तारखेपासून मोजली गेली पाहिजे. आणि पोचवण्याची जबाबदारी ज्याची आहे, त्याच्याकडून उशीर झाला असेल तर त्याचा दंड विद्यार्थ्याच्या पावतीवर येता कामा नये.

ही मागणी जगावेगळी नाही. आपल्या गावच्या कारभारात ती फार पूर्वीपासून मान्य आहे. जमिनीच्या फेरफाराची नोंद धरली की तलाठी हितसंबंधितांना नोटीस देतो, तिची प्रत चावडीवर लावतो, आणि हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत मिळते. नोटीस मिळालीच नाही असे खातेदाराने दाखवून दिले, तर पुढची नोंद वादात सापडते. न्यायालयातही नोटीस काढली एवढ्याने भागत नाही. ती बजावली गेली का, तिची तामील झाली का, हे आधी पाहिले जाते. अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यासाठी आपण एवढी काळजी घेतो. ज्या अर्जावर मुलाचे सहा महिने किंवा वर्ष अवलंबून असते, त्याच्या सूचनेला मात्र तामील लागत नाही, ती डकवली की काम झाले, असे आपण का मानावे?

कायद्याची भाषाही याच बाजूची आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५ आपल्याकडे अर्ज करून माहिती मागण्याचा कायदा म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या कलम ४ चा भर न मागता माहिती देण्यावर आहे. शासकीय विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये या कायद्याखाली येतात. त्या कलमात असे म्हटले आहे, की माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत या गोष्टी विचारात घ्याव्यात. आणि प्रसाराची साधने सांगताना सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा आणि इंटरनेट यांचा एकत्र उल्लेख आहे. म्हणजे संकेतस्थळावर एक फाईल चढवली की आपले कर्तव्य संपले, असा अर्थ त्यातून निघत नाही. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडमधल्या विद्यार्थ्यासाठी परिणामकारक काय आणि कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतल्या विद्यार्थ्यासाठी काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कायद्याला हे ठाऊक आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. त्याआधी इथल्या महाविद्यालयांचा कारभार पुणे विद्यापीठाशी जोडलेला होता, आणि दक्षिण महाराष्ट्रातील मुलांसाठी विद्यापीठ ही दूरची गोष्ट होती. ते अंतर कमी करणे हे या विद्यापीठाच्या स्थापनेमागचे एक मोठे कारण होते. २००४ मध्ये सोलापूरसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे उरले; पण या तीन जिल्ह्यांचाही पसारा लहान नाही. एका टोकाला चंदगड, दुसऱ्या टोकाला जत आणि आटपाडी, तिकडे पाटणचा डोंगरी भाग. चंदगड किंवा जतहून विद्यापीठात यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायचे, तिथून केएमटीची शहर बस धरायची, विभाग शोधायचा, आणि मग कळायचे की संबंधित कर्मचारी आज रजेवर आहेत किंवा अर्जासोबत आणखी एक सत्यप्रत हवी होती. तो दिवस वाया, भाडे वाया, आणि घरच्या कामाचा एक माणूस कमी. सूचनेत एक ओळ जास्त असती तर हे टळले असते. अपूर्ण सूचना अंतर वाढवते, आणि जे अंतर कमी करण्यासाठी विद्यापीठ उभे राहिले तेच अंतर कागदाच्या वाटेने परत येते.

आता सूचनांच्या भाषेविषयी, कारण पोचण्याचा अर्धा भाग समजण्यात आहे. 'उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात झाली, की पहिल्या तीन ओळींत फक्त संदर्भ क्रमांक आणि आधीच्या पत्रांच्या तारखा येतात. शेवटची तारीख पाचव्या किंवा सहाव्या ओळीत असते, तीही एका लांबलचक वाक्याच्या पोटात. वर्गात मी एकदा असे एक परिपत्रक वाचायला दिले आणि त्यातली शेवटची तारीख शोधायला सांगितली. निम्म्याहून अधिक मुलांनी आधीच्या पत्राची तारीख सांगितली. मुले अडाणी नव्हती. कागदच त्यांच्यासाठी लिहिलेला नव्हता. तो एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयासाठी लिहिला होता, आणि तसाच्या तसा विद्यार्थ्यांपुढे टांगला होता. काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणती कागदपत्रे घेऊन, कोणत्या खिडकीवर, आणि अडचण आली तर कोणाला भेटायचे, एवढे सहा प्रश्न मराठीत सरळ लिहायला अर्धे पान पुरते. हे अर्धे पान मूळ परिपत्रकासोबतच विद्यापीठाकडून आले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या समजुतीने ते तयार केले, तर तेवढ्याच प्रकारच्या चुका होतात.

आता सगळे मोबाइलवर असते, मुलांनी जागरूक राहायला हवे, असे यावर हमखास सांगितले जाते. मुलांनी जागरूक राहावे, हे मलाही मान्य आहे. पण वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना कशी येते ते पाहा. कोणीतरी फलकाचा तिरपा फोटो काढतो, काचेवर बाहेरच्या झाडाची सावली पडलेली असते, खालची सही आणि जावक क्रमांक कापला गेलेला असतो. त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, आणि तासाभरात तो फोटो वर सरकून दिसेनासा होतो. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतात किंवा कारखान्यावर असतो, त्या घरातल्या मुलीला तो रात्री पाहायला मिळतो. शिवाय खरी सूचना कोणती आणि खोटी कोणती, हा प्रश्न उरतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैतही पुन्हा तसाच पूर आला. अशा दिवसांत परीक्षा पुढे गेली, नाही गेली, केंद्र बदलले, अशा बातम्या पाण्यापेक्षा वेगाने पसरतात. त्या वेळी विद्यार्थ्याला डोळे झाकून विश्वास ठेवता येईल अशी एकच अधिकृत जागा हवी, जिथे प्रत्येक सूचनेला क्रमांक असेल, ती लावल्याची तारीख आणि वेळ असेल, आणि सूचना बदलली तर जुनी काढून न टाकता तिच्यावर 'रद्द' असे लिहून नवी खाली जोडलेली असेल. जुनी सूचना गुपचूप उचलणे हा मला सर्वांत गंभीर दोष वाटतो, कारण त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातातला एकमेव पुरावा जातो.

मुदतवाढीची सवय हे याहून खोल दुखणे आहे. शेवटची तारीख जाहीर होते. जे विद्यार्थी नियम पाळतात ते धावपळ करतात, उसने पैसे घेतात, एक-दोन दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क भरतात. चार दिवसांनी 'विद्यार्थिहित लक्षात घेऊन' विनाविलंब शुल्क मुदतवाढ जाहीर होते. ज्याने सोमवारी विलंब शुल्क भरले, त्याला ते परत मिळत नाही. ज्याने गुरुवारपर्यंत काहीच केले नाही, त्याला काहीच भरावे लागत नाही. यातून पिढ्यान्‌पिढ्या एक धडा शिकवला जातो, की तारीख गांभीर्याने घेणारा तोट्यात जातो. पुढे तीच मुले स्पर्धा परीक्षेचा किंवा नोकरीचा अर्ज करतात, तिथे मुदतवाढ मिळत नाही, आणि मग आपण त्यांना बेजबाबदार म्हणतो. माझ्या मते मुदतवाढ अपवादानेच द्यावी, तिचे कारण स्पष्ट लिहावे, आणि ती दिली तर आधी घेतलेले विलंब शुल्क परत करण्याचा आदेश त्याच परिपत्रकात असावा. तो नसेल तर मुदतवाढीला विद्यार्थिहित म्हणू नये.

तारखा दोन्ही बाजूंना बांधतात, हेही इथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचे नसते. ही विद्यापीठांची मुदत आहे. राज्यात ती अनेकदा चुकली आहे, आणि ती चुकली म्हणून कोणा विद्यार्थ्याला कोणी विलंब शुल्क दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पैसे द्यावेत असे माझे म्हणणे नाही. पण एका बाजूची तारीख दगडावरची रेघ आणि दुसऱ्या बाजूची तारीख पाण्यावरची, असा व्यवहार जिथे चालतो तिथे शिस्तीची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार कमी होतो. निकाल उशिरा लागल्यामुळे पुढच्या प्रवेशाची किंवा पुनर्मूल्यांकनाची मुदत हुकत असेल, तर ती मुदत आपोआप तितक्या दिवसांनी पुढे गेली पाहिजे. त्यासाठी विद्यार्थी संघटनांना मोर्चा काढावा लागू नये.

कर्मचाऱ्यांविषयीच्या घोषणा हा विषय विद्यार्थ्यांचा नाही, असे मानले जाते. तसे नाही. कोण निवृत्त झाले, कोणाची बदली झाली, कोणत्या पदाचा कार्यभार कोणाकडे आहे, हे ज्याला माहीत नाही त्याचे काम अडते. माहितीच्या अधिकाराच्या त्याच कलमात अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि त्यांचे अधिकार व कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करण्याची सक्ती आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी निर्देशिकेत दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्यांची नावे असतात, आणि दारावरची पाटीही त्यांचीच असते. पीएच.डी.चे मार्गदर्शक निवृत्त होणार असतील तर संशोधक विद्यार्थ्याला ते वर्षभर आधी कळायला हवे. त्याला ते निरोप समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवरून कळू नये. पदे रिक्त आहेत आणि एकेका कर्मचाऱ्याकडे दोन-तीन टेबलांचा भार आहे, ही वस्तुस्थिती मी जवळून पाहिली आहे, आणि सूचना वेळेवर न लागण्याचे ते खरे कारण आहे, हेही मी मान्य करतो. पण मग रिक्त पदांची संख्या हीच एक जाहीर सूचना व्हायला हवी. माणूस नाही म्हणून काम होत नाही, हे खिडकीवर चिडून सांगण्यापेक्षा फलकावर लिहून सांगितले, तर विद्यार्थी आणि कर्मचारी एकमेकांवर संतापणार नाहीत, आणि प्रश्न जिथे विचारायला हवा तिथे विचारला जाईल.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या मुलाखतींची जाहिरात हे या सगळ्यातले सर्वांत दुखरे उदाहरण आहे. दरवर्षी जून-जुलैत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बारीक चौकट येते : अमुक विषय, अमुक पदे, थेट मुलाखत परवा सकाळी ११ वाजता. नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेली, कोणी पीएच.डी. केलेली माणसे मूळ कागदपत्रांची फाईल घेऊन पहाटेची एसटी धरतात. ज्याने त्या दिवशी नेमके ते वर्तमानपत्र घेतले नाही, त्याला ती जागा निघाल्याचेही कळत नाही; ज्याची आत ओळख आहे, त्याला आठवडाभर आधी कळलेले असते. मुलाखत कितीही निःपक्षपातीपणे घेतली, तरी ही निवड जाहिरातीच्या दिवशीच अर्धी झालेली असते. दोन दिवसांची जाहिरात ही कागदोपत्री जाहिरात असते. जाहीर ती नसते.

कोल्हापूरला जाहीर करण्याची एक वेगळी परंपरा आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात राजर्षी शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला, त्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्या आदेशाचे महत्त्व आपण सगळे सांगतो, पण त्यातल्या आणखी एका तरतुदीकडे फारसे लक्ष जात नाही : या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करायचे होते. आदेश काढून थांबायचे नाही, तो खालपर्यंत पोचला का आणि पाळला गेला का हे विचारायचे, एवढी दक्षता त्या जाहीरनाम्यातच होती. प्रत्येक सभागृहात त्यांची तसबीर असणाऱ्या आपल्या शिक्षणसंस्थांनी ही तरतूद उचलायला काय हरकत आहे? परिपत्रक काढणाऱ्या विभागाने दर तीन महिन्यांनी प्रत्येक महाविद्यालयाकडून एवढेच मागवावे : हे परिपत्रक बारनिशीत कोणत्या तारखेला आले, फलकावर कोणत्या तारखेला लागले, आणि मुदत संपल्यानंतर किती विद्यार्थ्यांनी विलंब शुल्क भरले. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की चूक कोणाची ते वेगळे शोधावे लागणार नाही.

कार्यक्रमांच्या सूचनांविषयी थोडेच सांगतो, कारण तिथे कोणाचे वर्ष जात नाही. पण हानी होतेच. एखाद्या विभागात चांगले व्याख्यान असते, बाहेरगावचे अभ्यासक आलेले असतात, आणि सूचना त्याच दिवशी सकाळी लागते. मग सभागृह रिकामे दिसू नये म्हणून एखादा अख्खा वर्ग तास सोडून आणून बसवला जातो. ज्याला मनापासून ऐकायचे होते तो दुसऱ्या विभागातला विद्यार्थी किंवा शहरातला निवृत्त शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सत्काराचा फोटो पाहतो. शाहू स्मारक भवनात व्याख्यानाला स्वतःहून येऊन बसणारे श्रोते या शहरात आहेत. त्यांना सागरमाळावरच्या विद्यापीठात काय चालले आहे, ते आठ दिवस आधी कळले तर तेही येतील.

सहामाहीच्या सुरुवातीलाच परीक्षा अर्ज, शुल्क, शिष्यवृत्ती, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्रासाठीचे अर्ज, युवा महोत्सवाची नोंदणी या सगळ्यांच्या तारखांचे एक पान प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात देता येते. राज्य शासनाच्या प्रवेशप्रक्रियेमुळे किंवा शिष्यवृत्तीच्या पोर्टलमुळे काही तारखा हलतील. त्यापुढे 'बदलू शकते' असे लिहावे. बाकीच्या हलवू नयेत. आणि सूचना महाविद्यालयात पोचल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत २१ दिवस गेले नसतील, तर विलंब शुल्क घेण्याचा अधिकार कोणालाच नसावा. २१ च का, असे कोणी विचारील. आठवड्यातून एकदाच बाजाराला उतरणाऱ्या घराला तीन बाजार मिळतात, एक कळायला, एक कागद जमवायला आणि एक पैसे उभे करायला. दूध संस्थेचे बिल दहा दिवसांनी निघते, तेही या काळात दोनदा हातात येते.

त्या सोमवारनंतर निवृत्तीपर्यंतची चार वर्षे मी एक काम करत राहिलो. फलकावर लागणाऱ्या प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात लाल शाईने 'आज लावले', तारीख आणि वेळ लिहून खाली सही करायची. सुरुवातीला कार्यालयात थोडी कुरबुर झाली, कारण त्या तारखेमुळे आमचाच उशीर उघडा पडत होता. दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी मान्य केले, की आवक झाल्यापासून फलकावर लागेपर्यंत जितके दिवस आमच्याकडे गेले, तितके दिवस विलंब शुल्क विद्यार्थ्याकडून न घेता महाविद्यालयाने भरायचे. पहिल्या सत्रात ते बऱ्यापैकी भरावे लागले. दुसऱ्या सत्रापासून परिपत्रक बारनिशीत आले की त्याच दुपारी शिपाई किल्ली घेऊन फलकाकडे जाऊ लागला.

ती मुलगी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिच्या वडिलांनी मोजलेली ती रक्कम कोणत्याही खात्यातून परत करण्याची सोय आम्हाला सापडली नाही.